तीनवर ठेवलेला अलार्म

तात्या, मी अजून घाबरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा उगाच गैरसमज नको की तात्या गेले आणि बाई शहाण्या झाल्या. काही शहाण्या झालेल्या नाहीत. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. मी नाशिकला, माझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. जवळपास पाणी म्हणाल तर पिंपातलं, तेवढंच. आणि तरी एका हाताने ओट्याची कड धरून ठेवली आहे.

माणूस गेलं की लोक त्याचं जन्मगाव, जन्मसाल, त्याने काय काय मिळवलं ते लिहितात. तुमचं जन्मसाल तुम्हालाच माहीत नव्हतं, आणि जन्मगाव धरणाच्या तळाशी आहे. मला एवढंच ठाऊक की तुम्ही बोट चालवायचात आणि मी त्या बोटीतून पलीकडच्या पाड्यावर शाळेत शिकवायला जायचे. नऊ वर्षं. नाशिकहून एसटीने घोटी, घोटीहून जीपने धरणाचा काठ, आणि काठावरून तुम्ही. रस्त्याने धरणाला वळसा घातला तर दोन तास, तुमच्या बोटीतून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी माझी आई घरी देव पाण्यात घालून बसायची. मी तिला म्हणायचे, अगं, आधीच एवढं पाणी आहे तिकडे, त्यात देव कशाला बुडवतेस.

मला पोहता येत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं. मी बोटीत पाय ठेवला, फळीवर बसले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि डोळे मिटले ते पलीकडे गेल्यावर उघडले. उतरताना तुम्ही विचारलंत, "बाई, रातची झोप नाय झाली का?" सगळी बोट हसली. मला इतका राग आला की आठवडाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. पण डोळे काही उघडले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढची नऊ वर्षंही नाही. जॅकेट घालायचं, फळी धरायची, डोळे मिटायचे. पोरांना वर्गात सांगायचं की घाबरायचं नसतं, आणि स्वतः जीव मुठीत धरून यायचं, अशी मी मास्तरीण.

पावसाळ्यानंतर पाणी भरपूर असायचं तेव्हा एक वेळ ठीक होतं. संक्रांत उलटली की पाणी उतरायला लागायचं आणि मी फळी आणखी घट्ट धरायचे. कारण खाली तुमचं जुनं गाव होतं. लोक उठून गेले, घोटीकडे, इगतपुरीकडे, काही पाड्यावर वर सरकले. पण दगडाच्या भिंती, जोती, विहिरीचं कडं, कापलेल्या झाडांचे बुंधे, सगळं जागच्या जागी. पाणी जसं खाली जाईल तसं ते वर वर येत जायचं, आणि वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. सपाट पाणी. वरून बघणाऱ्याला वाटावं, किती छान.

चार वर्षांपूर्वी होळीच्या सुमाराला आपण चिंचेच्या बुंध्यावर बसलो ते तुम्हाला आठवत असेलच. खालून असा काही आवाज आला की मला वाटलं, बोटीचे दोन तुकडे झाले. इंजिनाचा पंखा मोडला, बोट एका अंगावर कलली आणि बसल्या जागी गिरकी घेऊन थांबली. पाचावर धारण बसणे म्हणजे काय, ते मी तोवर फक्त वाक्यात उपयोग करायला शिकवत होते. तुम्ही शर्ट काढून पाण्यात उतरलात, बुंध्यावर उभे राहिलात. कमरेएवढं पाणी. मधोमध धरणात कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस पाहून मला रडू फुटलं. नऊ वर्षांत बोट चालू असताना, नाही, बंद असताना, मी डोळे उघडले ते तेवढेच.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. ज्या मंडळाने बोट दिली होती त्यांच्या शहरातल्या कार्यालयात मी सहा वेळा गेले. खोली दाखवणारं यंत्र असतं, पाणी उथळ झालं की ते ओरडतं, ते बसवा. बसवलं त्यांनी. इंजिनापाशी छोटा पडदा, आणि बोटीच्या मागच्या अंगाला पाण्याखाली एक गोल तुकडा, तो तळ मोजणार. तुम्ही त्या तुकड्याला डोळा म्हणायचात आणि ओरडणाऱ्या पडद्याला कोंबडं. बसवायला आलेल्या मेकॅनिकने अलार्म तीनवर ठेवला, चहा घेतला आणि गेला. आठवडाभर कोंबडं काही आरवेना. मी खूश, की बघा, सगळीकडे खोल आहे. मग एके दिवशी पंखा खालच्या दगडाला खरवडून गेला तेव्हा कुठे ते ओरडलं. मी घरी येऊन यंत्राचं माहितीपुस्तक वाचलं तर यंत्र फुटांवर होतं. तीन फुटांवर. आपण सगळे मीटर समजून बसलेलो. तुम्ही त्यावर हसलात, मी मात्र दोन दिवस जेवले नाही.

मग मीटर केले, आणि आपलं भांडण सुरू झालं.

तुम्ही इंजिन खाली सोडलंत, बोटीच्या काठावर पालथे झालात आणि बोटांनी मोजलंत: डोळ्यापासून पंख्याच्या खालच्या टोकापर्यंत एक वीत आणि चार बोटं. मला म्हणालात, पडद्यावर एक दिसलं तर पंख्याखाली एक नसतं, त्यातनं वीत आणि चार बोटं वजा. मी म्हटलं, म्हणूनच तीनवर ठेवू. तुम्ही म्हणालात, दीड. मी म्हटलं, तीन. तुम्ही म्हणालात, बाई, तीनला ठेवलं की होळीनंतर अख्ख्या गावावरून जाताना वाजतच राहील, आणि रोज भुंकणाऱ्या कुत्र्याकडं कोण बघतं. आणखी एक म्हणालात, की हा डोळा बोटीच्या मागच्या अंगाला हाय, आपण जिथं आलो तिथलं सांगतो, पुढं काय हाय ते त्याला दिसत नाय. भिंत काही उतार धरून येत नाही. आता चार मीटर, आणि आता भिंत. सगळं खरं होतं. पण मला ते ऐकायचंच नव्हतं. मला मोठा आकडा हवा होता. माझ्या भीतीला तीनाखाली झोपच येत नव्हती.

शेवटी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मंडळाचे लोक बोट बघायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर विषय काढला, की तात्या ऐकत नाहीत, प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. त्यांनी तुम्हाला सगळ्यांदेखत सांगितलं की बाई म्हणतात तसं करा. तुम्ही मान डोलावलीत. तीनवर ठेवलंत. आणि दुसऱ्या दिवसापासून वाजलं की अंगठ्याने बटण दाबून गप्प करायला लागलात, डोळे मिटलेली मी तो टिक् आवाज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, चालू द्या, माझा तीन तर राहिला.

तुम्हाला त्या आकड्याची गरजच नव्हती ना तात्या. तुम्ही पाणी बघून बोट चालवत नव्हता, गाव बघून चालवत होता. धरण भरण्यापूर्वीचं. पाड्यावरचे लोक म्हणायचे, तात्या कुणाच्या घरावरून बोट नेत नाही, फार देवभोळा. मला तो खुळचटपणा वाटायचा. पाण्याखालच्या घराला कसला मान. नंतर कळलं की घर म्हणजे भिंत आणि भिंत म्हणजे फुटलेला पंखा. तुम्ही गल्लीतून जायचात, खळ्यावरून जायचात, जिथे पूर्वी माणसं आणि बैलगाड्या जायच्या तिथून. मान राखला की बोट वाचायची.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही मला तीनदा म्हणालात की बाई, वाट लिहून घ्या. मंदा आता बोट चालवते, पण ती पडली माझी सून, लग्न होऊन आली तेव्हा गाव पाण्याखाली गेलेलं, तिनं काय बघितलंय. माझ्याबरोबरचे जुने कोण उरले नाहीत. मी सांगतो, तुम्ही लिव्हा, मंदा वाचंल. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. मग सहामाहीचे निकाल होते. मग माझ्या भाचीचं लग्न. मग मी तुम्हाला चक्क म्हणाले, अहो, यंत्र आहे ना आता. तुम्ही असे गप्प बसलात की मला कळायचं की तुम्हाला लागलंय, आणि मी मुद्दाम दुसरा विषय काढायचे.

पण रागावण्यासारखं तुम्हीही केलंत, हे आज स्पष्ट बोलते. मंदाला तुम्ही भरल्या पाण्यात सगळं शिकवलं. इंजिन, वारा, काठाला लावणं, सगळं. उतरत्या पाण्यात मात्र तिला हात लावू दिला नाहीत. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. काहीतरी हातचं राखून ठेवायची ही कसली खोड. तिला अजून जमायचं नाही म्हणून, की तेवढं एक आपल्यापाशी राहावं म्हणून, हे मी तुम्हाला विचारणार होते.

त्या दिवशी रविवार होता, मी नाशिकला घरी. भर दुपारी तुमच्या छातीत दुखायला लागलं, तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि जीभ जड झाली. मंदाने तुम्हाला बोटीत निजवलं. रस्त्याने दोन तास, पाण्यातून वीस मिनिटं, तिने दुसरं काय करायचं होतं. यंदा पाणी लवकर सोडलं, होळीच्या आधीच गाव वर आलेलं. तिने बोट गावावर घातली आणि तीन मीटरला कोंबडं आरवायला लागलं. तुम्ही अंगठ्याने गप्प केलं असतंत. तिला कसं गप्प करता येणार. तिला कुठे भिंत आणि कुठे गल्ली हे ठाऊक नव्हतं. वाजलं की तिने वेग कमी केला. पुढे सरकली, पुन्हा वाजलं, पुन्हा थांबली, वल्ह्याने चाचपलं, वळली. वीस मिनिटांची वाट तिला पाऊण तास पुरली. काठाला लागली तेव्हा तुम्ही नव्हतात. पुढे जीपने घोटीला नेलं ते आपलं नेलं.

हे मला मंदाने तुमच्या दहाव्याला सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. मी तिथून उठले आणि घराच्या मागे जाऊन उभी राहिले. तात्या, तो तीन माझा होता. डॉक्टर म्हणे बोलले की वीस मिनिटांत आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. डॉक्टरांना काय जातंय. मला रोज वाटतं की सांगता आलं असतं.

तेव्हापासून बोट अलीकडच्या काठाला बांधलेली. पाड्यावरचे सगळे वळसा घालून जात होते. म्हाताऱ्याकोताऱ्या दुखणी अंगावर काढत होत्या. माझी शाळा दुपारी बाराला उघडत होती. आणि खरं सांगू का, मला बरं वाटत होतं. जीपच्या खिडकीतून लांबवर ते पाणी बघायचे आणि म्हणायचे, सुटले. दोन आठवडे मी हे पाप मनात घेऊन हिंडले. मग शुक्रवारी मंदा शाळेत आली. पाड्यावरची एक बाई दिवसांत होती, नववा लागलेला. मंदा म्हणाली की सोमवारपासून मी बोट चालू करणार, त्याआधी रविवारी वाट शोधायची, तुम्ही संगं चला.

मी तिला दहा कारणं दिली. मला पोहता येत नाही, मला वाट ठाऊक नाही, मी तर डोळे मिटून बसायचे. मी घोटीच्या बाजारात तुमच्या जुन्या गावातल्या एका आजोबांनाही विचारून आले होते. त्यांना गाव आठवत होतं, पण त्यांच्या खुणा म्हणजे झाडं. हा आंबा, तो उंबर. ती झाडं आता कुठली. ते म्हणाले, तिथं आता पाणीच हाय, बाई. मंदाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की सासरे तुमच्याशी सारखं बोलायचे बोटीत, ते काय बोलायचे?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही बोलायचात ना. मी घाबरते म्हणून माझं मन रमवायला काहीबाही बडबडता, असं मी नऊ वर्षं धरून चालले होते. "हा शिवेचा ओढा." "आता खळं आलं, उघडं हाय, चिंता नाय." "उजव्या अंगाला देवळाचा पार, त्याच्यापासून लांब." "डाव्या हाताला विहीर, सात परस." परस म्हणजे पुरुषभर उंची, हेही तुम्हीच मला शिकवलेलं. "आता गल्ली लागली, दोन गाड्या शेजारी शेजारी जातील." आणि शेवटी, "हा माळ. झालं बाई, उघडा डोळे." रोज तेच, त्याच क्रमाने. मला अख्खं पाठ होतं. मी लिहून घेतलं नाही म्हणून तुम्ही नऊ वर्षं मला तोंडी घालत होता का, तात्या? की मीच आता स्वतःला बरं वाटावं म्हणून असं म्हणते आहे? मला ठरवता येत नाही.

फक्त एक अडचण होती आणि ती मी मंदाला सांगितली नाही. गल्ली संपल्यावर आणि माळ येण्यापूर्वी तुम्ही गप्प व्हायचात. रोज. इंजिनाचा आवाजही हळू व्हायचा. मला ती शांतता सहन व्हायची नाही. तात्या, बोला ना, असं मी कितीदा म्हणाले असेन, पण तेवढ्या वेळात तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हणून मी मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचे. एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत आलं की तुम्ही माळ म्हणायचात. त्या एवढ्या पाढ्याखाली काय आहे, ते मला माहीत नव्हतं.

काल रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. जॅकेटाचे बंद मी तीनदा तपासले. मंदा इंजिनापाशी आणि मी, हसू नका, मी पुढच्या टोकाला, हातात बांबू घेऊन. ती म्हणाली, पुढचं यंत्राला दिसत नाय, ते तुम्ही बघा. निघण्याआधी तिने विचारलं की अलार्म कितीवर ठेवायचा. मग मी सांगून टाकलं. तो तीन माझा हट्ट होता, तात्यांना दीड हवा होता, त्या दिवशी दीडवर असता तर तू एवढी थांबली नसतीस. मी रडत होते, बांबू हातात तसाच.

मंदा बराच वेळ दोरीची गाठ सोडत राहिली. मग म्हणाली, "दीडवर असता तर मी जोरात गेले असते, बाई. मग भिंतीवर बसलो असतो, नायतर पोचलो असतो. कोण सांगणार?" तिने अलार्म दीडवर आणला. मला म्हणाली, रडायचं ते काठावर रडून घ्या, तिकडं मला तुमचे डोळे लागतील.

तात्या, मी डोळे उघडे ठेवले. पहिल्यांदा पाहिलं की मधोमध गेल्यावर पाणी हिरवं दिसतं आणि पाड्याच्या मागच्या डोंगराचे पाण्यात एकाचे दोन होतात. मी तुमची वाक्यं तुमच्या क्रमाने म्हणत होते, मंदा तशी बोट नेत होती, अगदी चालीच्या वेगाने. शिवेचा ओढा. पडद्यावर सहा. खळं. तीन, आणि कोंबडं गप्प. पाराच्या बाजूला थोडं सरकलो तर एकदम एक दाखवून ते ओरडलं, मी किंचाळले, बांबू खाली दगडावर आपटला. मंदाने मागे घेतलं. पुन्हा गप्प. तेव्हा मला कळलं तुम्ही दीड का म्हणत होता. दीडला ठेवलं की गल्ली गप्प राहते आणि घर ओरडतं. तीनला ठेवलं की सगळं गावच ओरडतं आणि काहीच कळत नाही. हे तुम्ही मला सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. मी डोळ्यांबरोबर कानही मिटले होते.

गल्लीत आमची बोट अशी गेली की मला क्षणभर भीती वाटली नाही. खोटं नाही सांगत, क्षणभरच. मग गल्ली संपली, म्हणजे माझ्याजवळची वाक्यं संपली. मंदाने विचारलं, पुढं काय? मी म्हटलं, पुढे ते गप्प व्हायचे. पडद्यावर एक पूर्णांक चार आलं आणि कोंबडं आरवायला लागलं. एक पूर्णांक दोन. मी म्हटलं, मंदा, परत जाऊ, मी पाया पडते. तिने इंजिन बंद करून वर उचललं, पुढे आली आणि माझ्या हातातून बांबू घेतला.

तिने आधी डावीकडे चाचपलं. भिंत, हातभर पाण्यात. उजवीकडे चाचपलं. भिंत, तीही शेजारच्या घराची असणार, कारण गल्ली तिथे काटकोनात वळत होती, आणि एवढी लांब बोट त्या वळणात वळणंच शक्य नव्हतं. कुणाच्या तरी घरावरून गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बोट दोन्ही भिंतींच्या मध्ये हलत होती, मी खाली बसून फळी धरली होती. मंदाने बांबू सरळ समोर टाकला. तो भिंतीला लागला नाही. सपाट फरशीवर टेकला, उघडं अंगण असावं तसं. तिने तो थोडा पुढे सरकवला आणि तो एका खळग्यात गेला. बाहेर काढून वीतभर बाजूला टेकवला, तर दुसऱ्या खळग्यात. ती तशीच थांबली. मी विचारलं, काय गं, काय झालं? तिने पुन्हा एकदा, हळूच, आधी पहिल्यात आणि मग दुसऱ्यात बांबू घालून पाहिला.

तिच्या सासूने, म्हणजे तुमच्या मंडळींनी, तिला सांगितलं होतं की आपल्या दारात अंगणाच्या खडकातच कोरलेलं दोन खळग्यांचं उखळ होतं. सासूसुनेने समोरासमोर बसून भात कांडायला. अख्ख्या गावात तसं एकच.

तुम्ही नऊ वर्षं दुसऱ्या कुणाच्या घराला बोट लावली नाहीत. वळण घेता येईना तेव्हा आपल्याच अंगणातून नेलीत, येताना आणि जाताना, रोज, आणि तेवढा वेळ तोंडातून शब्द काढला नाहीत.

मंदाने बांबू आडवा ठेवला, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि कपाळाला लावलं. डोक्यावरचा पदर वाऱ्याने पडला होता तो सारखा केला. कोंबडं ओरडतच होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बारा वर्सं झाली लग्नाला, बाई. आज दारात आले."